गादीवाफ्याच्या तळाला तणरोधक कापड घालायचं का?

तिसऱ्या वर्षी मी माझा एक गादीवाफा, म्हणजे फळ्यांच्या चौकटीत माती भरून केलेला उंच वाफा, पूर्ण उपसला. दोन हंगाम टोमॅटो नुसते जीव धरून उभे होते. खत बदलून झालं, बी बदलून झालं, पाण्याच्या वेळाही बदलून झाल्या. शेवटी फावडं घेतलं, तर साधारण ३० सेंमीवर ते कशात तरी अडकलं. काळं कापड. वाफा बांधताना मीच हौसेने अंथरलेलं आणि नंतर साफ विसरलेलं.

कापडाच्या वरच्या अंगाला जुन्या मुळांची अक्षरशः चटई झाली होती, आडवी, एकमेकांत गुंतलेली. त्यावरची दोन-तीन बोटं माती चिकट आणि आंबूस वासाची. कापडाखालची जमीन घट्ट, फिकट, तीन वर्षांपूर्वी होती तशीच. गांडुळं वर मोजकी, खाली एकही नाही. आणि लव्हाळा, ते गाठींचं चिवट तण? त्याने मात्र कापडाला सुईसारखी भोकं पाडून वर मुक्काम ठोकला होता. टोमॅटो रोडावले त्याचा सगळा दोष कापडाचाच, असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्यासाठी ते घातलं होतं तो पाहुणा आत आणि बाकी सगळे बाहेर, हे डोळ्यांनी पाहिल्यावर हे कापड नेमकं करतं काय, हे मुळापासून समजून घ्यावंसं वाटलं.

कापड म्हणतात, पण ते असतं प्लास्टिकच. बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलीन, म्हणजे धान्याची पांढरी पोती ज्याची असतात तेच. त्याचे मुख्य प्रकार दोन. एक विणलेलं: चपट्या पट्ट्यांचं उभं-आडवं विणकाम, वर बहुधा हिरव्या किंवा पांढऱ्या रेघा. यालाच लोक वीड मॅट म्हणतात. दुसरं न विणलेलं: तंतू दाबून-तापवून चिकटवलेले, हाताला नमद्यासारखं लागणारं. जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. ५० चं कापड हातानेही फाटतं, १०० च्या वरचं दमदार. काळा रंग शोभेसाठी नसतो. प्लास्टिकमध्ये काजळी मिसळलेली असते. ती उजेड अडवते आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून प्लास्टिकलाही वाचवते.

विकत घेण्याआधी एक सोपी परीक्षा करा. कापड सूर्याकडे धरून मागून बघा. चांदण्यांसारखे ठिपके दिसले तर तेवढा उजेड खाली जाणार, आणि जिथे पट्ट्या सरकून फट पडली असेल तिथून कोंबही वर येणार.

उजेड अडवला की तण का अडतं? बहुतेक तणांचं बी बारीक असतं, त्यात शिदोरी थोडी. इतक्या शिदोरीवर कोंबाला फार लांबचा प्रवास झेपत नाही, म्हणून पुष्कळ बिया उजेडाची खूण मिळाल्याशिवाय उगवतच नाहीत. उजेड आहे म्हणजे पृष्ठभाग जवळ आहे, हा त्यांचा हिशोब. तोवर त्या जमिनीत झोपून राहतात. किती काळ? १८७९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम जेम्स बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने तणांच्या बिया वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरल्या आणि पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढायची आणि काय उगवतं ते बघायचं. हा प्रयोग अजून चालू आहे. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतल्या काही बिया १४१ वर्षांनंतरही रुजल्या. आणि बाटली उकरायची ती रात्रीच, कारण दिवसाउजेडी काढली तर उन्हाचा स्पर्श होऊन बिया आधीच जाग्या व्हायच्या!

म्हणजे जमिनीत तणाच्या बियांची पेढी आधीपासूनच भरलेली असते. आपण कुदळ मारली, माती उलटली, की खालच्या ठेवी वर येतात. खणून स्वच्छ केलेल्या जागेवर आठवड्याभरात हिरवी लव उठते ती यामुळेच.

आता हे गादीवाफ्याला लावून बघू. खाली मूळ जमीन, तिच्यावर ३० सेंमी नवी माती आणि खत. बारीक बिया साधारण वरच्या एक-दोन सेंमीतूनच उगवतात; हाताच्या चार बोटांएवढी माती वर आली की त्यांतल्या बहुतेकींचा दम तुटतो. मग ३० सेंमीखाली गाडलेल्या बिया वर येणार कशा? नाही येत. त्यांच्यावर तुम्ही जो मातीचा ढीग ओतलात, तोच त्यांचा तणरोधक. त्यांच्यासाठी कापडाची काही गरज उरत नाही.

तरी वाफ्यात तण येतंच, आणि भरपूर येतं. म्हणून कापडाचा रोल उलगडण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: माझ्या वाफ्यात तण येतं कुठून?

बहुतेक वेळा ते वरून येतं. वाऱ्यावर, पाखरांबरोबर, शेजारच्या फुलावर आलेल्या गवतातून. आणि बऱ्याचदा तर आपणच ते पोतं भरून आणतो. अर्धकच्च्या शेणखतात आणि थंड राहिलेल्या कंपोस्टात तणाच्या बिया मजेत जिवंत असतात. ढिगाच्या पोटात ५५ ते ६० अंश सेल्सियस उष्णता काही दिवस टिकली, ढीग उलटापालटा करून कडेचा मालही आत गेला, तरच त्या बहुतांशी मरतात. माझ्या वाफ्यातलं निम्मं तण मी स्वतःच्या हाताने पेरलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. वरून येणाऱ्या या मंडळींना तळातलं कापड काय करणार? ते तर ३० सेंमी खाली झोपलेलं.

दुसरी वाट बाजूची. हरळी वाफ्याच्या कडेने सरपटत येते, फळीच्या फटीतून किंवा फळीखालून आत शिरते आणि प्रत्येक पेराला मूळ टाकते. तिसरी वाट खालची, आणि ती खुली असते फक्त बारमाही तणांना, ज्यांच्या गाठींत किंवा कांड्यांत अन्नाचा मोठा साठा असतो. त्यांना वर यायला उजेडाचा इशारा लागत नाही. साठ्यावर ती लांबचा पल्ला गाठतात.

१९७७ मध्ये लेरॉय होल्म आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या सर्वांत त्रासदायक तणांची यादी केली. तिच्यात पहिला नंबर लव्हाळ्याचा आणि दुसरा हरळीचा. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. लव्हाळा ओळखायचा असेल तर देठ दोन बोटांत धरून फिरवा. तीन कडा बोटाला लागतात. गवताचा देठ गोल किंवा चपटा, लव्हाळ्याचा तिधारी. त्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या एकीला एक जोडलेल्या असतात. उपटताना आपण माळ तोडतो, आणि तोवर झोपलेल्या पुढच्या गाठी जाग्या होतात. त्याचं कोंबाचं टोक इतकं कडक आणि टोकदार असतं की प्लास्टिकचा मल्चिंग पेपरही ते भोसकून बाहेर येतं. विणलेल्या मॅटच्या पट्ट्या तर त्याला बाजूला सारता येतात. म्हणजे ज्या एका तणासाठी तळात कापड घालायचा मोह होतो, त्याच्यापुढे ते कापडच सर्वांत दुबळं पडतं.

बदल्यात आपण काय देतो? सगळ्यात आधी खोली. कोथिंबीर, पालक, लेट्यूस यांचं ३० सेंमीत भागतं. टोमॅटोची मुळं मोकळ्या जमिनीत सहज ६० सेंमी किंवा त्याहून खोल जातात, भोपळ्याचीही दूर फिरतात. तळ उघडा असेल तर ३० सेंमीचा वाफा हा त्यांच्यासाठी फक्त वरचा मऊ थर असतो. खाली अख्खी जमीन मोकळी असते. तळात कापड आलं की वाफ्याची कुंडी होते. लांब-रुंद, छान दिसणारी, पण कुंडी. काही मुळं विणीतून घुसतात, नाही असं नाही. पण जाड होताना तिथेच आवळली जातात.

मग पाणी. लोक म्हणतात, कापडातून पाणी जातं की! नव्या कोऱ्या कापडावर तांब्याभर पाणी ओतलं तर जातंच. पण जमिनीतलं पाणी तांब्यातून ओतल्यासारखं पडत नाही, ते मातीच्या एका कणावरून दुसऱ्या कणावर ओढलं जातं. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल, पण स्पंजाची खालची बाजू चिंब राहील. आता त्याला खालून दुसरा कोरडा स्पंज टेकवा: अडलेलं पाणी लगेच खाली ओढलं जाईल. मधे प्लास्टिकच्या विणीचा तुकडा ठेवला की दोन स्पंजांची गाठ नीट पडत नाही आणि ओढ मंदावते. वाफ्यात तेच होतं. पॉलिप्रोपिलीनला पाणी धरून ठेवायची हौस नसते, आणि वर्षभरात गाळाचे बारीक कण येऊन विणीची छिद्रं बुजतात. तळाची दोन-तीन बोटं माती ओली राहते, हवा संपते, मुळं गुदमरतात. वरून वाफा कोरडा दिसतो म्हणून आपण आणखी पाणी घालतो. त्या आंबूस वासाचा उलगडा मला इथे झाला. उन्हाळ्यात याच्या नेमकं उलट: खालच्या जमिनीतली ओल वर चढू शकत नाही, आणि वाफा दोन दिवसांत तडकतो. वाफसा म्हणतात ती स्थिती, ना चिखल ना धूळ, अशा वाफ्यात टिकतच नाही.

गांडुळांचं वेगळं सांगायला नको. ती वर-खाली ये-जा करतात, खालचं वर आणि वरचं खाली नेतात, बिळांनी जमीन पोकळ करतात. तळ बंद झाला की खालची घट्ट जमीन घट्टच राहते. उघड्या तळाच्या वाफ्याखालची जमीन दोन-तीन वर्षांत आपोआप सुधारते, आणि मला विचाराल तर गादीवाफ्याचा हाच सर्वांत मोठा फायदा आहे. फळ्यांची शोभा नंतर.

म्हणजे कापड टाकाऊ? तसं नाही. त्याची जागा चुकते, इतकंच. ते तण मारायचं साधन नाही, दोन गोष्टी वेगळ्या ठेवायचं साधन आहे. रस्ते बांधताना खडी आणि माती एकमेकांत मिसळू नये म्हणून अशीच कापडं घालतात. जिथे खरंच काही वेगळं ठेवायचं असेल तिथे ते चोख काम करतं.

उदाहरणार्थ, वाफ्यांमधली वाट. तिथे काही पिकवायचं नाही, मुळांना खाली जायचं नाही, तुडवणं रोजचं. कापड वाटेवर अंथरा आणि त्याची कड वाफ्याच्या फळीखाली चांगली १५ सेंमी सारा. फळीखाली, पूर्ण वाफ्याखाली नव्हे. यामुळे बाजूने येणाऱ्या हरळीचा रस्ता बंद होतो. जोडाच्या ठिकाणी दोन तुकडे एकमेकांवर १५ सेंमी तरी चढवा, कारण तण फट शोधण्यात कधी आळस करत नाही. वर लाकडाच्या ढलप्या पसरल्या तर ऊन लागत नाही आणि कापड जास्त टिकतं. मात्र ढलप्या कुजून दोन-तीन वर्षांत त्यांची माती होते, वाऱ्याने आलेलं बी तिच्यात रुजतं आणि त्याची मुळं वरून कापडात घुसतात. मग ते रोप उपटताना कापडच वर येतं. म्हणून वर्षातून एकदा तो कुजका थर खरवडून काढायचा. तो वाया जात नाही, सरळ वाफ्यात टाकता येतो.

काँक्रीटवर किंवा गच्चीवर वाफा असेल तर खाली जमीनच नाही, तेव्हा माती पाण्याबरोबर वाहून जाऊ नये म्हणून तळाला न विणलेलं कापड योग्यच. तिथे वाफ्याची खोलीच वाढवावी लागते, कारण ती खरोखर कुंडीच असते. खालच्या जमिनीत जुन्या रंगातलं शिसं किंवा कारखान्याची घाण असल्याची शंका असेल, तरीही कापड हवं: खणताना फावडं त्याला लागलं की इथून खाली जायचं नाही हे कळतं. पण अशा वेळी निव्वळ कापडावर विसंबू नये. मातीची तपासणी करून घ्यावी आणि वाफा उंच घ्यावा. उंदीर-घुशी खालून येत असतील तर कापडाचा उपयोग शून्य, ती कुरतडतात. तिथे बारीक छिद्रांची जस्ताचा मुलामा दिलेली तारेची जाळी लागते. जाळीतून मुळंही जातात आणि गांडुळंही.

राहिला वाफ्याचा पृष्ठभाग. वरून येणारं तण अडवायला कापड वरच घालावं, हे तर्काने बरोबर आहे. पण कुठल्या पिकाला, ते बघा. गाजर, मुळा, पालक, मेथी यांचं बी थेट पेरतो, दाट पेरतो. त्यांच्यासाठी कापडाला किती भोकं पाडणार? रोपं लावून, अंतर राखून घ्यायची पिकं वेगळी: टोमॅटो, वांगी, मिरची, काकडी, भोपळा, स्ट्रॉबेरी. यांच्यासाठी एका हंगामापुरतं विणलेलं कापड चांगलं काम देतं. आधी खत मिसळून वाफा समतल करायचा, ठिबकची नळी अंथरायची, मग कापड ताणून कडांना यू आकाराच्या तारेच्या पिना ठोकायच्या. नळी कापडावर ठेवू नका. थेंब विणीवरून घरंगळून भलतीकडे जातात.

भोकं मात्र कात्रीने कापू नका. मी पहिल्या वर्षी कापली. महिन्याभरात प्रत्येक भोकाच्या पट्ट्या सुटायला लागल्या, लांब काळे दोरे मिरचीच्या खोडाला गुंडाळले गेले, वाऱ्याने हलून हलून एका रोपाची साल सोलली. आता मी पत्र्याचा रिकामा डबा पकडीत धरून तापवते आणि कापडावर क्षणभर टेकवते. चर्र असा आवाज, गोल तुकडा सुटतो, कड वितळून बंद होते. भोक ८ ते १० सेंमीचं पुरतं. हे काम उघड्यावर करायचं, धूर नाकात जाऊ द्यायचा नाही, आणि कापड मातीवर अंथरण्याआधी करायचं. रोपाशेजारी भोकात उगवणारं तण हाताने काढावंच लागतं, त्यातून सुटका नाही.

काळं कापड माती तापवतं. थंडीत ते वरदान, कडक उन्हाळ्यात कोवळ्या रोपाच्या खोडाला चटका. तेव्हा वर थोडं वाळलेलं गवत पसरावं. हंगाम संपला की कापड उचलायचं, झटकायचं, सावलीत गुंडाळून ठेवायचं. खत पुन्हा घालता येतं, माती मोकळा श्वास घेते. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांतही प्लास्टिकचं आच्छादन चालतं ते हंगामाअखेर शेतातून काढण्याच्या अटीवरच. ही अट घरच्या वाफ्यालाही लागू करावी, कारण उन्हाने पिचलेलं पॉलिप्रोपिलीन कुजत नाही, फक्त बारीक होत जातं. कापड बोटाने चुरगळल्यावर तुकडे पडायला लागले, म्हणजे ते काढायची वेळ आधीच टळलेली असते.

मग नवीन वाफ्याच्या तळाला काय? गवत जमिनीलगत कापा, त्यावर साधा तपकिरी पुठ्ठा अंथरा. चिकटपट्ट्या, पिना, चकचकीत छापील भाग आधी काढून टाका. तुकडे एकमेकांवर १५ सेंमी चढवा, पाण्याने चिंब करा, आणि लगेच माती भरा. पुठ्ठा काही महिने उजेड अडवतो, तेवढ्यात खालचं साधं गवत मरतं, आणि मग पुठ्ठा स्वतःच मातीत विरतो. मुळांना रस्ता मोकळा. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या उद्यानविद्येच्या अभ्यासक लिंडा चॉकर-स्कॉट कापडाच्या विरोधात बरीच वर्षं लिहीत आल्या आहेत, आणि त्यांना पुठ्ठाही पसंत नाही. तो मातीचं हवा-पाणी अडवतो आणि लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर पुरतो, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या झाडांखाली आणि वाटांवर मला ते पटतं. नव्या वाफ्याखाली मात्र मी एकदाच, एकच थर पुठ्ठा घालते.

हरळी आणि लव्हाळ्याला पुठ्ठाही पुरत नाही, हे आधीच सांगते. ती वाफा भरण्याआधीच काढावी लागतात. लव्हाळ्याच्या बहुतेक गाठी वरच्या १५-२० सेंमीत असतात. खुरप्याने माती सैल करून, माळ न तोडता, बोटांनी चाचपत उचलायच्या. पाणी द्यायचं, दोन आठवडे थांबायचं, जे उगवेल ते पुन्हा काढायचं, आणि हे तीन-चार वेळा. कंटाळवाणं आहे खरं, पण वाफा भरल्यावर हेच काम दसपट होतं.

वाफा भरल्यावर पेरणीची घाई करू नका. वाफा तयार करा, पाणी द्या, १०-१२ दिवस तसाच सोडा. वरच्या थरातल्या बिया उगवतील. त्यांना दोन पानांवर असतानाच खुरप्याने अगदी वरवर, एखादा सेंमी माती हलवून कापा. खोल गेलात तर पेढीतल्या पुढच्या ठेवी वर येतील. मग पेरा. रोपं वीतभर झाली की पालापाचोळ्याचं किंवा वाळलेल्या गवताचं ५ ते ८ सेंमी आच्छादन घाला, खोडापासून दोन बोटं दूर. गवत बियांवर आलेलं नको, नाहीतर पुन्हा स्वतःच्या हाताने पेरणी.

ज्यांच्या वाफ्यात कापड आधीच गाडलेलं आहे त्यांनी लगेच फावडं उचलायची गरज नाही. पालेभाज्या चांगल्या येत असतील आणि पाणी साचत नसेल, तर चालू द्या. काढायचंच असेल तर दोन हंगामांच्या मधे, माती वाफशावर असताना काढा. ओल्या मातीत कापड जड होतं, कोरड्यात फाटतं. एका टोकाची माती दुसरीकडे ओढा, उघड्या पडलेल्या भागाला धारदार सुरीने हातभर रुंदीची पट्टी कापा, ती गुंडाळत न्या, मग पुढची पट्टी. अख्खं एकदम ओढायला जाऊ नका. मी ओढलं, आणि फळीचा कोपराही त्याच्याबरोबर उखडून आला. कापड निघाल्यावर खालच्या घट्ट जमिनीत दाताळं रोवून नुसतं मागेपुढे हलवा, उलटू नका. माती परत ओढून घ्या, भरपूर कुजलेलं खत घाला आणि पहिला हंगाम चवळी किंवा झेंडूसारखं काही लावा. माझ्या वाफ्यात पुढच्या पावसानंतर खणून पाहिलं, तर जुन्या कापडाच्या पातळीच्याही खाली गांडुळांची बिळं सापडली.